पेठेतला तिसरा डंका

इंदापुरात आमच्या पेठेत तेव्हा मसाला कांडायचे दोन डंके होते. मी तिसरा टाकला.

डंका म्हणजे फार काही नाही. एक लोखंडी उखळ, त्यावर दोन जाड मुसळं आणि बाजूला मोटार. बटण दाबलं की एक मुसळ वर जातं, दुसरं खाली येतं. उन्हाळ्यात बायका मिरच्या वाळवून, देठं काढून, धने-खोबरं तेलावर भाजून डबे भरून आणतात आणि वर्षाचा मसाला कांडून नेतात. त्यात नवीन असं काहीच नाही. माझा नवरा असता तर पोट धरून हसला असता.

त्याला दुसऱ्यानं केलेलं काही करायचंच नसायचं. नव्वदच्या पुढची ती वर्षं. जो तो एसटीडीचा बूथ टाकत होता. त्याच्या बरोबरच्या एकानं एसटी स्टँडसमोर टाकला आणि बरा चालवला. मी एकदा म्हटलं, तुम्हीपण टाका की. तर म्हणाला, "दुसऱ्याचं बगून करायचं असंल तर मग आपन कशाला पायजे? दुसरा हायच की." मी भाकरी थापत राहिले.

त्यानं लोकरीचे ससे आणले. घरामागं पत्र्याची शेड मारली, त्यात जाळीचे पिंजरे केले. पांढरेशुभ्र, गुबगुबीत ससे. बघायला निम्मं गाव येऊन गेलं, घ्यायला कोणी आलं नाही. मी विचारलं होतं, "इंदापुरात ससा कोण घेणार?" तो म्हणाला, "तीच तर गोष्ट हाय. कुनीच करत न्हाय." मला जी भीती वाटायची तीच त्याला खुबी वाटायची, आणि आमचं भांडण नेहमी तिथंच येऊन थांबायचं. पुढं मे महिना आला. अंगावर एवढी लोकर आणि वर तापलेला पत्रा. मी दिवसभर गोणपाटं भिजवून पिंजऱ्यांवर टाकत होते, तरी एकेक करत ससे गेलेच. मग त्याच शेडमध्ये त्यानं अळंबी केली. ती उगवली चांगली, पण आमच्याकडे तिला कुत्र्याची छत्री म्हणतात. कुत्र्याची छत्री पैसे देऊन कोण खाईल? आम्हीच खाल्ली. चव वाईट नव्हती.

शेवटची कल्पना होडीची. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. लोकांना होडीत बसवून ते दाखवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. पौषात एक दिवस तो मासेमारी करणाऱ्यांशी बोलायला मोटारसायकलवर पळसदेवला गेला. परत येताना तिन्हीसांजेला पुढं उसाची ट्रॉली होती. तिच्या मागं दिवा नव्हता.

मला रडू आलं नाही. हे मी लपवत नाही, तेव्हाही लपवलं नव्हतं. बायका गळ्यात पडून रडल्या, मला हलवून हलवून रडवायला बघितलं. एक तर म्हणाली, हिला रडवा गं, न्हायतर डोक्यावर परिनाम हुईल. मी त्यांच्याकडे बघत होते. आत कुणीतरी गोधडी कोंबून ठेवल्यासारखं झालं होतं. भूक लागायची, झोप लागायची, रॉकेल संपलं की कळायचं, पण बाकीचं काही आत पोचत नव्हतं.

घरात मी आणि सासरे उरलो. त्यांना सगळे आबा म्हणत. सासूबाई आधीच गेल्या होत्या, आम्हाला मूलबाळ नव्हतं. आबांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. पुढं ती विकून त्यांनी जमिनीचा तुकडा केला, पण खांद्यावरचं घोंगडं काही सुटलं नाही. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे. वळणावर कुठल्याही मोटारसायकलचा आवाज आला की मान तिकडं वळायची. गाडी निघून गेली की मान परत सरळ व्हायची. रोज हेच. मी आतून बघायचे आणि मला काही वाटायचं नाही. वाटायला पाहिजे, एवढंच कळायचं.

दिवसपाणी होऊन फाल्गुन लागला, तेव्हा बारामतीहून नणंद आली आणि कण्हेरीहून माझा थोरला भाऊ. दोघांनी आपसात ठरवूनच आणलं होतं. आबांना नणंद बारामतीला नेणार, मला भाऊ कण्हेरीला नेणार, घराला कुलूप. दोघंही मनानं चांगली, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडेना. नणंदेचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथं आबा कुठल्या ओट्यावर बसणार? ते घोंगड्याची दशी बोटाला गुंडाळत बसले. मला मात्र त्या सुन्नपणातही एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. हे घर बंद झालं तर हा म्हातारा टिकायचा नाही.

भाऊ म्हणाला, "हितं ऱ्हाऊन तू करणार काय?"

दारासमोरून दोन बायका डोक्यावर मिरच्यांचे डबे घेऊन चालल्या होत्या. मी म्हणाले, "डंका टाकते."

"अगं, हितं दोन डंकं हायत. तिसरा कशाला?"

मला नवीन काही सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर जुनंही सुचलं नव्हतं, डोळ्यांसमोर आलं ते बोलले. समोरून कुणी बांगड्या घेऊन गेलं असतं तर बांगड्यांचं दुकान म्हणाले असते.

भावानं आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टाकंल ती."

भाऊ हट्टी आहे, पण दुष्ट नाही. म्हणाला, "मिरगापातूर बगू. चाललं तर चाललं, न्हायतर मी येताना कुलूप घिऊनच येतो." बारामतीत कुणीतरी डंका बंद करत होतं, तो त्यानं टेम्पोत घालून आणून दिला. त्या माणसानं बंद का केला, हे तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. सशांचे पिंजरे बाहेर काढले आणि यंत्र शेडमध्ये बसवलं.

आता करायचं कसं, हे बघायला पाहिजे होतं. मागच्या गल्लीत एका मावशींचा डंका होता, पेठेतला सगळ्यात जुना. मी दर उन्हाळ्यात तिथंच जायचे. एक दिवस मी हात हलवत गेले आणि बायकांच्या बाकावर जाऊन बसले. तिथं प्रत्येक बाई आपापल्या डब्यापाशी बसलेली असते. आमच्याकडे मसाला सोडून कुणी जात नाही. दुसरीची मूठ आपल्यात मिसळली, आपली दुसरीकडं गेली, तर वर्षभर कालवणाची चव बिघडते, म्हणून आपला घाणा, म्हणजे आपल्या डब्याचं कांडप, होईस्तोवर बसून राहायचं. बसतात त्या बायकाच. पुरुष डबा आणून ठेवतो आणि चहाला निघून जातो.

माझ्यापाशी डबा नव्हता. मी नुसती बघत होते, मिरची किती वेळ, धने कधी, चाळण कुठली.

मावशींनी मोटार बंद केली. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात वर्षभर मसाला कांडत नाहीत, शेजारच्या बायका मूठमूठ देतात. त्यांना वाटलं मी तेवढ्यासाठीच आले आणि मागायला लाजते आहे. त्यांनी स्वतःच्या घरच्या बरणीतून वाटीभर मसाला कागदात बांधून दिला. बाकावरच्या दोघी-तिघींनीही आपल्यातली मूठमूठ घातली. "लाजायचं न्हाय पोरी," मावशी म्हणाल्या, "संपला की परत ये."

मी त्यांचा धंदा उचलायला गेले होते आणि पुडी घेऊन आले. शरम वाटायला पाहिजे होती. त्या रात्री त्याच मसाल्याचं कालवण केलं. चार घरांचा मसाला एकत्र, चव कुणाच्याच घरची नाही. आबांनी खाल्लं, मीही खाल्लं.

पाडव्याला डंका चालू केला. पहिल्या आठवड्यात बायका आल्या, काही कीव करून, काही मावशींकडची रांग बघून. मी बटण दाबायचे, मुसळं पडायची. धप्प, धप्प. तो आवाज मला बरा वाटायचा, त्यात विचार करायला जागा नसायची. मिरचीनं बायका शिंकायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या. माझे डोळे कोरडेच. एक बाई म्हणाली, तुमाला सवय हाय जनू. मी म्हटलं, व्हय.

मग घोळ झाला. एका माळकरी घरची बाई मसाला घेऊन आली. त्या घरात कांदा-लसूण चालत नाही. तिच्या आधी मी कांदा-लसणाचा मोठा घाणा काढला होता. उखळ फडक्यानं पुसलं आणि तिची मिरची ओतली. दुसऱ्या दिवशी ती आली ती डबा घेऊनच. झाकण उघडून माझ्या नाकापुढं धरलं. रिकाम्या डब्यालाही लसणाचा वास येत होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "आमच्या सासूबाईनी सगळा उकिरड्यावर वतला बगा," आणि गेली. बातमी पेठभर झाली. डंकेवालीला शिवाशिव कळत न्हाय, असं कुणीतरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. बायका यायच्या थांबल्या.

मी शेडमध्ये बसून असायचे. मृग जवळ येत होता. मला वाईट वाटत नव्हतं. आपलं नाही चाललं, एवढंच. नवऱ्याचे ससे गेले तेव्हा तो तीन दिवस जेवला नव्हता. मी रोज जेवत होते. एका दुपारी मला वाटलं, त्याच्याशी मनातल्या मनात भांडावं. तुमचं कुणी केलं नव्हतं म्हणून बुडालं. माझं सगळ्यांनी केलंय, तरी बुडतंय. मग काय करायचं माणसानं?

आबा शेडच्या दारात उभे होते. मला वाटलं पाणी हवं असेल. ते म्हणाले, "आमी मेंढरं घिऊन कोकनात जायाचो, तवा दरसाल एकाच वाटंनं जायाचो. आमचा बा, तेचा बा, समदी त्याच वाटंनं. कुनी नवी वाट काडली न्हाय. पानी कुठं हाय, मुक्काम कुठं करायचा, कुठल्या गावात कुत्री वंगाळ हायत, समदं पुढच्यानं सांगितल्यालं असायचं." मग म्हणाले, "तू वाट बगितलीस. इचारली न्हाईस."

आणि गेले ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडे गेले. दुपार होती, बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, दोघी तर उन्हात उभ्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, मी त्या दिवशी मसाला मागायला आले नव्हते. तुमचं बघून डंका टाकायला आले होते."

"म्हायती हाय की," मावशी म्हणाल्या. "समद्या पेठंला आवाज जातोय त्यो काय मला येत न्हाय?"

"मला नीट जमत नाही."

"बगून कसं जमंल? बगून दिसतं ती मशीन." त्यांनी घाणा उतरवला, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सकाळचा पैला घाना माळकऱ्याचा. धुतल्याल्या, वाळल्याल्या उखळात. कांदा-लसूण समदा दुपारनंतर. आन दोन घान्यांच्या मदी मूठभर तांदूळ कांडून काडायचं, म्हंजी आदीचा वास उखळात ऱ्हात न्हाय; मसाल्याला लागत्यात ती, फेकायचं न्हाईत. माळकऱ्यांचा वार येगळा धरलास तर आनिक बरं."

मी विचारलं, "तुम्ही मला का सांगता?" मला खरंच कळत नव्हतं.

"ह्या बग," त्यांनी उन्हातल्या दोघींकडे हात केला. "फाटेपासनं ताटकळत्यात. लाईट गेली की समद्या माझ्याच नावानं बोटं मोडत्यात. माझं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. तुझं इस्कटलं तर ह्या समद्या माझ्याच बोडक्यावर." मग त्या उन्हातल्या बायकांना ओरडल्या, "अगं जावा की हिच्याकडं! आता सांगितलंय मी तिला."

त्यातली एक डबा उचलून माझ्याबरोबर निघाली. बाकीच्यांनी आधी तिचा मसाला कसा होतोय ते बघितलं, मग हळूहळू आल्या. माळकरी बाईच्या घरी मी स्वतः गेले, माफी मागितली, आणि सोमवारी सकाळी पहिला घाणा तुमचा म्हणून सांगून आले. ती दोन सोमवार आली नाही. तिसऱ्या सोमवारी आली. डब्यात मिरची थोडीच होती, बहुतेक पारखायला आणली असावी.

तेव्हा मला जे कळलं ते फार मोठं नाही. सगळे करतात ते काम सोपं असतं असं मला वाटायचं, आणि नवऱ्यालाही तसंच वाटायचं, म्हणून तर तो त्याला हात लावत नसे. तसं नसतं. इतक्या जणांनी केलेल्या कामात इतक्या जणांच्या चुका आधीच होऊन गेलेल्या असतात. त्या विचारून घ्यायच्या असतात, एवढंच. त्याच्या सशांबद्दल विचारायला इंदापुरात कुणी नव्हतं. मला मावशी होत्या, आणि तिसऱ्या डंक्याला गिऱ्हाईकही होतं, कारण बायकांना नवीन काही नकोच होतं. त्यांना उन्हात कमी बसायचं होतं.

मृगाच्या आदल्या दिवशी भाऊ आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वहिनीनं दिलेला मिरच्यांचा डबा. कण्हेरीजवळ डंके नाहीत असं नाही, पण आणला. शेडमध्ये बाकभर बायका होत्या. त्यानं डबा रांगेत ठेवला आणि चहाला जातो म्हणून निघाला, तर सगळ्या एकदम हसल्या. एकजण म्हणाली, "पाव्हणं, आमी बगतो तुमच्या मसाल्याकडं." संध्याकाळी जाताना त्यानं पिशवीतून नवंकोरं कुलूप काढलं, हातात दोनदा तोललं आणि म्हणाला, "शेडला लाव." ते कुलूप पुढं कितीतरी वर्षं शेडला होतं.

असं घर उघडं राहिलं. आबा ओट्यावर राहिले. मी मात्र आतून तशीच होते. पाऊस झाला, दिवाळी नणंदेनं दिलेल्या फराळावर झाली, पौषात वर्षश्राद्ध झालं. तेव्हाही बायकांनी माझ्याकडे आशेनं बघितलं. मी पंगतीत वाढत होते.

पुन्हा उन्हाळा आला. दुखवटा फिटला होता, आता घरचा मसाला कांडायचा होता. मी मिरच्या आणल्या, गच्चीवर वाळवल्या, देठं काढली, खोबरं-धने भाजले. हात आपोआप चालत होते, दरवर्षी चालायचे तसे. दुपारी घाण्यांच्या मधे आमचा डबा लावला. बाकावर एक बाई आपला नंबर धरून बसली होती. तिनं विचारलं, "ह्यो कुनाचा? मसाल्यापाशी कुनी बसलं न्हाय."

मी मोटारीपाशी होते. घरात दुसरी बाई नव्हती. "आमचाच," मी म्हणाले.

तेवढ्यात आबा आले. त्यांनी बाकावर घोंगडं टाकलं आणि त्या बाईच्या शेजारी बसले, डबा दोन पायांच्या मधे धरून. त्या बाकावर पुरुष बसलेला मी कधी बघितला नव्हता. ती बाई पदर सावरून थोडी सरकली. मी उखळात मिरची ओतली, मुसळं चालू केली. आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आबा, बाहेर बसा. मिरची लागतीय तुम्हाला."

"लागू दे."

घाणा निघाला, चाळून झाला. मी मसाला घरच्या लहान बरणीत भरायला लागले. बरणी भरली आणि परातीत मसाला उरला. चांगला उरला. मी बघत राहिले. बरणी आम्हा दोघांपुरती घेतली होती. मिरच्या मात्र निवडताना, मोजताना, हातानं जुन्याच मापानं घेतल्या होत्या. तीन माणसांच्या.

"आबा, मसाला जास्त झाला," मी म्हणाले.

आबांनी परातीकडे बघितलं. त्यांना आधीच कळलं होतं, गच्चीवर मिरच्या पसरल्या तेव्हाच. "हां," ते म्हणाले. "त्याला तिखाट लागायचं."

मी मोटार बंद केली. शेडमध्ये एकदम शांत झालं. मला वाटलं ठसका लागला, पण तो ठसका नव्हता. मी उभ्यानंच रडायला लागले, मोठ्यानं, लहान पोरासारखी, आणि डोळे पुसायला हात वर नेला. मसाल्याचाच हात. वर्षभरात एकदाही मी तो हात डोळ्यांना लावला नव्हता.

आग आग झाली. मी खाली बसले. त्या बाईनं धावत जाऊन तांब्या आणला, आबांनी माझं डोकं वाकवून धरलं आणि ती डोळ्यांवर पाणी मारत राहिली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाई, हुतंय का आता? लाईट जाईल, माझा घाना ऱ्हायलाय."

मला काही दिसत नव्हतं. मी चाचपडत उठले, मूठभर तांदूळ उखळात टाकले आणि बटण दाबलं.